तेलाची वेळ

रविवार, १४ मे १९९५

इथे भांडायला माणूस मिळत नाही, म्हणून लिहायला बसले. ही वही नरसिंहाला कुठल्याशा नव्या बँकेने फुकट दिली. तो म्हणाला, "आई, तुला घे. स्तोत्रं लिही." म्हटलं, स्तोत्रं मला पाठ आहेत. शिव्या लिहीन.

नरसिंह माझा मुलगा, दिल्लीत सरकारी कचेरीत सेक्शन ऑफिसर. सून हेमलता कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसात काउंटरला बसते. दोघं आठला निघतात, सातला उगवतात. नात अश्लेषा, वय सतरा, बारावीचा निकाल यायचाय. मी गिरिजा, वाईची, चौथी पास, एकाहत्तर पुरी. झालं सगळं सांगून.

गावाचं नाव नोएडा. गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे. दारात कोणी बसत नाही, सगळी टीव्हीपुढे. आणि असल्या या तीन वर्षांच्या नव्याकोऱ्या फ्लॅटच्या चौकटी वाळवीने खाल्ल्या. अश्लेषाला 'वाळवी' कळेना. "दिमक बोल ना, आजी." बरं, दिमक. आज दिमकवाला आला. भिंतीच्या कडेने भोकं पाडून औषध ओतलं, वास असा की डोळ्यांना धार. तळाशी उरलेलं घेऊन निघाला होता. म्हटलं, "ए, पूरा डिब्बा हमारा है. बाकी इधर डालो." लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओतून घेतलं. जाताना मला शिकवतो, "माताजी, तेज चीज है, बच्चों से दूर रखना." म्हटलं, चार पोरं वाढवलीत, तू तुझं बघ.

मंगळवार, १६ मे

अश्लेषाच्या डोक्यात उवा झाल्यात. ट्यूशनहून आणल्या, दुसरं काय. हेमलताने दुकानातून शॅम्पू आणला, त्याने उवांची आंघोळ झाली. काल जेवताना म्हणते, "आई, मी हिला संडेला पार्लरमध्ये नेते. बॉयकट करू. बिल्कुल झंझट नाही."

झंझट! कमरेखाली जाणारे केस आहेत. ती चार वर्षांची असल्यापासून, मी यांच्याकडे असेन तेव्हा, दुपारी चारला पुढ्यात बसवून तेल लावते, वेणी घालते. या घरात माझ्याकडे तेवढं एकच काम उरलंय. तेही पार्लरला द्या.

माझ्या आत्याचं डोकं चौदाव्या वर्षी उतरवलं, नवरा मेला म्हणून. न्हावी मागच्या दाराने आला होता. मी सात वर्षांची, दाराच्या फटीतून बघितलं. ती ओरडली नाही, नुसती केस वेचत बसली. तेव्हापासून माझ्या घरात पोरीच्या डोक्याला कात्री लागलेली नाही, लागणार नाही.

माझा उपाय मी केला. वाईला ढेकणाचं औषध लावून माझ्या तिन्ही मुलींच्या उवा मी मारल्यात, एकीचंही काही वाकडं झालं नाही. बरणीतलं दिमकाचं औषध खोबरेलात मिसळलं, वासाला कापूर. चारला चोळून लावलं, घट्ट वेणी घातली. अश्लेषा नाक दाबून म्हणाली, "यार आजी, आधीच घरभर दिमकचा स्मेल, आता केसांना पण?" म्हटलं, कापूर आहे, गप्प बस. आईला सांगू नकोस.

गुरुवार, १८ मे

रोज लावते आहे. उवा गळतायत, फणीला मेलेल्या येतात. हेमलताचं पार्लर गेलं उडत.

पोरीचं डोकं दुखतंय, मळमळतंय. निकालाची भीती.

शनिवार, २० मे

रागाने हात थरथरतोय. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

काल निकाल लागला. अठ्ठावन्न टक्के. चारची वेणी घालून मी नुकती गाठ मारली होती, तेवढ्यात नरसिंह ऑफिसातून लवकर आला. "माझ्या हाताखालच्या क्लार्कची मुलगी ब्याऐंशी आणते! मी तोंड काय दाखवू?" आणि फाडकन तिच्या कानशिलात दिली. सतरा वर्षांच्या पोरीच्या! ती तशीच उठून खोलीत गेली, कडी लावली.

अर्ध्या तासाने ओकाऱ्यांचा आवाज. हाका मारल्या, उत्तर नाही. नरसिंहाने दाराला खांदा लावला. चौकट दिमकाने खाल्लेलीच होती, एका धक्क्यात कडी हातात आली. तेवढा एक उपयोग झाला त्या किड्यांचा. आत पोर जमिनीवर. घामाने निथळतेय, तोंडातून लाळ आणि फेस, पायांचे स्नायू आपले आपण उडतायत.

शेजाऱ्याच्या मारुतीतून यमुना ओलांडून सरकारी हॉस्पिटलात नेली. हेमलता परस्पर तिथे आली. इमर्जन्सीत एक पोरगेला डॉक्टर, केतन नावाचा, आपला जळगावचा निघाला. बॅटरीने पोरीचे डोळे बघितले आणि विचारलं, "काय घेतलंय हिने?"

मी म्हटलं, "काही घेतलं नाही."

"आजी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात. छाती पाण्याने भरलीय. हे कीटकनाशक आहे. घरात काय होतं?"

नरसिंह म्हणाला, "दिमकवाला आला होता. रविवारी."

"डबा?"

"उरलेल्या औषधासकट तो घेऊन गेला," मी म्हटलं.

खोटं बोलले. का नाही बोलणार? शेजारी हवालदार वही उघडून उभा. बरणी सापडली की पोरीने जीव द्यायचा प्रयत्न केला असं लिहितील, गुन्हा लावतील, मग तिच्याशी लग्न कोण करणार? घरी आल्या आल्या बरणी बघितली. मी तेलासाठी काढून घेतल्यावर औषध जेवढं उरलं होतं, तेवढंच आहे. पोरीने हातसुद्धा लावलेला नाही. बरणी फडक्यात गुंडाळून माळ्यावर गाद्यांच्या मागे टाकली.

केतनने एकामागून एक इंजेक्शनं दिली. दुसरं एक औषध हॉस्पिटलात नव्हतं, नरसिंह तीन दुकानं फिरून घेऊन आला. मग एक केरळची सिस्टर आली, पोरीचे कपडे बदलले, अंग पुसलं आणि मला म्हणते, "अम्मा, हटो. बाल धोना है."

मी आडवी आले. घामाने गार पडलेल्या पोरीचे एवढे केस भिजवायचे? न्यूमोनिया झाला तर ही येणार आहे शेकायला? म्हटलं, "जहर पेट में गया है कि बाल में?" तिला अजून चार खाटा बघायच्या होत्या. गेली कपाळाला हात लावून.

रविवार, २१ मे

या पोरट्या डॉक्टरला सोडणार नाही मी. सकाळी जाऊन बघते तर अश्लेषा लालबुंद, डोळे काळेभोर मोठे, चादरीवरचं नसलेलं काहीतरी वेचतेय आणि बडबडतेय, "मॅडम, पेपर अजून झाला नाही, सप्लिमेंट द्या." मला ओळखलं नाही.

म्हटलं, "काय घातलंस माझ्या पोरीला?"

"ॲट्रोपिन, आजी. धोतऱ्यात असतं ना, तेच."

"धोतरा! अरे, आमच्याकडे वाटमारे धोतरा घालून प्रवाशांना लुटायचे. तू सरकारचा पगार घेऊन घालतोस?"

मेला हसला. "हो. काट्याने काटा काढायचा. त्या विषाने शरीरातले सगळे नळ उघडे पडतात. लाळ, घाम, छातीतलं पाणी, सगळं वाहतं. माणूस आतल्या आत बुडतो. हे औषध नळ बंद करतं. तोंड कोरडं झालं, छाती कोरडी झाली, की पुरे. थोडी बडबडली तर चालेल मला. बुडालेली नाही चालणार."

"आणि कायमची वेडी झाली तर?"

"तर मला जळगावला परत पाठवा."

उत्तर चोख होतं, म्हणून जास्त राग आला.

चारला भेटायची वेळ. सगळ्या खाटांभोवती नातेवाईकांचे डबे, पंखे, थर्मास. माझ्या पोरीच्या डोक्याचं घरटं झालेलं, गुंता, ओकारी लागलेली. पिशवीत तेलाची बाटली होतीच. कुशीवर वळवून तेल लावलं, वेणी घातली. माणसासारखी दिसायला लागली. सिस्टर दुरून बघत होती, म्हटलं बघ, शीक.

संध्याकाळी सातनंतर परत बिघडली म्हणे. परत लाळ, परत छाती. डोस वाढवला.

सोमवार, २२ मे

सकाळी शुद्धीत होती. "आजी, पाणी" म्हणाली. चारला तेल-वेणी केली. सातला परत तेच. याला डॉक्टरी म्हणतात? उतरवतात आणि चढवतात.

मला मेली ही दिल्लीची हवा बाधलीय. नाक वाहतंय, तोंडाला पाणी सुटतंय, पदराने पुसून पुसून कंटाळले. संध्याकाळी डोळ्यांपुढे अंधारून येतं, भर उजेडात सुईत दोरा जाईना.

मंगळवार, २३ मे

केतनने आज आम्हाला तिघांना बाजूला घेतलं. म्हणाला, "रोज सकाळी सुधारते, रोज संध्याकाळी कोसळते. पोटातलं विष असं वागत नाही. म्हणजे तिच्याकडे अजून आहे. लपवून घेतेय."

उशी उसवली, गादी उलटी केली, पोरीचे कपडे झटकले, सगळ्या वॉर्डासमोर. हेमलता पाय धरायची बाकी होती. "बेटा, कुठे ठेवलंयस सांग ना. मम्मा काही नाही बोलणार. मार्कांचं राहू दे ना यार, मार्कांना कोण विचारतं!" नरसिंह भिंतीकडे तोंड करून उभा.

अश्लेषा म्हणाली, "मी काही घेतलं नाही." चार वेळा म्हणाली. कोणी ऐकलं नाही.

सगळे गेल्यावर मीही वाकून विचारलं, "मला सांग. मी कोणाला सांगणार नाही." बरणीतलं तर कमी झालं नव्हतं. पण एवढा शिकलेला डॉक्टर विष आहे म्हणतो म्हणजे कुठूनतरी आलंच असणार. दुसरं काही विकत आणलं असेल.

तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मी वेणी घालत होते, वेणी हातातून ओढून घेतली. मी परत धरली आणि पुरी केली.

बाहेर आल्यावर नरसिंहाला धुतला. "दिमकाच्या डब्याला काय विचारतोस? विष तुझ्या हातात होतं. ज्याच्या हाताने माझ्या पोरीवर ही वेळ आली, त्याचा हात झडो."

तो म्हणाला, "झडू दे, आई."

असल्या नमत्या माणसाशी भांडणसुद्धा होत नाही.

बुधवार, २४ मे

पोटात मुरडा, चार वेळा जावं लागलं. हॉस्पिटलला गेले नाही. हेमलता रजा घेऊन दिवसभर बसली. रात्री येऊन म्हणते, "आई, आज संध्याकाळी काहीच झालं नाही. सूप प्याली. केतन म्हणाला, असंच राहिलं तर उद्या इंजेक्शनं कमी करू."

व्वा. मी नसले की बरी.

शुक्रवार, २६ मे

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते. सगळं लिहिणार.

काल चारला गेले. अश्लेषा टेकून बसली होती, तोंडाला रंग होता. मी बाटली काढली, तळहातावर तेल घेतलं. दोनच दिवसांत केसांची सुतळी झाली होती.

केतन राउंडला आला. पोरीला सोडून माझ्याकडेच बघायला लागला. मी पदराने लाळ पुसत होते.

"आजी, इकडे बघा." बॅटरी माझ्या डोळ्यांत.

"डोळे तिचे बघ. माझे म्हातारे आहेत."

"आजी, तुम्ही काय खाल्लंत?"

"तुझं डोकं."

तो हसला नाही. माझा हात धरला, नाकाशी नेला. मग बाटली उचलली, बूच काढलं. कापराच्या वासाने आधी मान मागे घेतली, परत नाक खाली नेलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

"यात काय आहे?"

"खोबरेल. कापूर."

"आणि?"

मी म्हटलं, "उवांचं."

"उवांचं काय, आजी?"

तेव्हा मला कळलं. सांगायच्या आधी कळलं. रविवार, सोमवार, मंगळवार चारला वेणी, सातला फेस. बुधवारी मी नाही, फेस नाही. ही वही माझ्याजवळच होती, माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं. वाचायची अक्कल मला नव्हती. चौथी पास.

"दिमकाचं," मी म्हटलं. "बरणीतलं. डबा मी रिकामा करून घेतला होता."

त्याने बाटली खाली ठेवली. जळगावचं पोरगं, माझ्या नातवाएवढं, माझ्यावर असं ओरडलं की वॉर्डातले पंखे थांबले असतील. "पाच दिवस मी बादलीने पाणी उपसतोय, आणि तुम्ही रोज चार वाजता येऊन मागून नळ सोडताय! कातडीतून जातं ते! टाळूतून जातं! केस धुवायला सांगितले होते ना पहिल्या दिवशी?"

मी तेलकट तळहात अंगापासून लांब धरला.

अश्लेषा बघत होती. सगळं ऐकलं तिने.

सिस्टर कात्री आणि हातमोजे घेऊन आली. "अम्मा, अब तो हटोगी?"

म्हटलं, "कैंची इधर दे."

मोजे चढवले. आत्याच्या वेळी न्हावी मागच्या दाराने आला होता. इथे मी पुढच्या दाराने, भेटीच्या वेळेत, सगळ्यांच्या देखत. वेणी मानेपाशी धरली आणि घाव घातला. तेलाने कात्री सटकत होती. दुसऱ्या घावाला निम्मी तुटली, मग माझा हात चालेना. उरलेलं सिस्टरने केलं, साबणाने तीनदा डोकं धुतलं, मग वस्तरा. वेणी पिशवीत बांधून जाळायला पाठवली. मी वेचली नाही.

मग मलाही शेजारच्या खाटेवर आडवं केलं, हात-केस धुतले आणि धोतऱ्याचं इंजेक्शन दिलं. तोंड असं कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटली. शिवी देता येईना. केतन म्हणाला, "आता बसलंय बरोबर औषध."

रविवार, २८ मे

तीन संध्याकाळी गेल्या. अश्लेषा कोसळली नाही. इंजेक्शनं बंद केली, अजून दोन-तीन दिवस नजरेखाली ठेवणार म्हणे.

आज हवालदाराला मीच बोलावलं. बरणी माळ्यावरून काढून नरसिंहाने आणली होती, ती त्याच्यापुढे ठेवली. तो म्हणतो, "माताजी, लिख देते हैं कि घर में गलती हो गई."

"घर में नहीं. मुझसे. मेरा नाम लिख. लड़की ने कुछ नहीं पिया, वो पहले लिख, मोटे अक्षर में." सही केली. वाकडी आली.

नरसिंह बाहेर बाकावर बसून रडला. हलका झाला, दुसरं काय. त्याच्या छातीवरचा दगड माझ्या डोक्यावर आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जाऊ दे आई, तू मुद्दाम थोडंच केलंस."

मी हात झटकला. "तुझी थप्पड माझ्या तेलात नव्हती. ती तुझी तू निस्तर."

हेमलता माझ्याशी बोलत नाही. बरोबर आहे. ती पार्लरला नेणार होती.

चारला अश्लेषाजवळ गेले. टक्कल आहे, पांढरंफटक. कान मोठे दिसतात. मी लांब उभी राहिले, हात पदरात. म्हटलं, "उवा मात्र गेल्या."

हसेल असं वाटलं. नाही हसली. म्हणाली, "पप्पांनी विचारलं, मम्माने विचारलं, डॉक्टरने विचारलं. ठीक आहे. तू पण विचारलंस, आजी."

तेलापेक्षा हे वाईट, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. बरणीतलं कमी झालेलं नाही, हे बघितलं होतं मी. सगळ्या घरात एकटी मला माहीत होतं की तिने काही घेतलं नाही. तरी विचारलं.

मंगळवार, ४ जुलै

मधले दिवस लिहिले नाहीत. लिहिण्यासारखं कोणी बोलतच नव्हतं.

चार वाजता मी बाल्कनीत बसते. सवय. पुढ्यात कोणी नसतं. अश्लेषा आतल्या खोलीत कॉलेजचे फॉर्म भरत असते. केस बोटाच्या पेराएवढे आलेत. केतनने महिनाभर डोक्याला काही लावायचं नाही म्हणून सांगितलं होतं. महिना होऊन गेला. हेमलताने खोबरेलाची नवी बाटली आणलीय, सीलबंद. टेबलावर ठेवली.

आज चारला अश्लेषा बाहेर आली. बाटली हातात. माझ्यापुढे पाठ करून खाली बसली. बाटली मागे सरकवली.

"टाळूची आग होतेय," म्हणाली. एवढंच.

मी उठले. हात साबणाने तीनदा धुतले. येऊन सील फोडलं. आधी माझ्याच डोक्यात ओतलं, टाळूवर चोळलं, चांगलं चोळलं. मग घड्याळ समोर ठेवून बसले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. मी नाक बघितलं, कोरडं. सुईत दोरा ओवून बघितला.

ती न वळता म्हणाली, "आजी, झालं का?"

"बस गप्प. तास होऊ दे. अजून मेले नाही."

ती बसून राहिली.